चुडीवालीनं लिहिलेली खुशाली

कार्तिक संपत आला होता. तापीवरून येणारा वारा पहाटे दोंडाईच्यात असा शिरायचा, की नळाखाली हात धरला तर बोटं आपली की शेजारणीची, हे मोजून बघावं लागे. उजाडायला अजून वेळ होता आणि जुबेदा घराच्या पुढच्या खोलीत बांगड्यांचा पसारा मांडून बसली होती. थंडीचे दिवस चुडीवालीला अवघडच. काच कडक होते, बायकांचे हात त्याहून कडक होतात, आणि दिवसभर कापूस वेचून आलेली बाई जे पुढे करते तो हात नसतो, खुरपं असतं. जुबेदानं खोबरेल तेलाची थिजलेली बाटली गॅसजवळ ठेवून पातळ केली आणि मापं लावायला घेतली. दोन-चारच्या बांगड्या तांबड्या दोऱ्यात, दोन-सहाच्या पिवळ्या दोऱ्यात, आणि दोन-आठच्या, म्हणजे थोराड हातांच्या, निळ्या दोऱ्यात.

"अम्मी," तिची लेक अरिबा दात घासत दारात उभी राहिली. कॉलेजात गेल्यापासून तिच्या जिभेला चांगलीच धार आली होती. "आज भिकुअक्का के गाँव जा रही ना? कागद फिर से तू लिखेगी?"

"लिखेगी. तेरे को क्या?"

"मेरे को कुछ नहीं. उस लड़के को पढ़ के शक्कर की बीमारी लगेगी, बस."

"तू अपने दाँत घिस," जुबेदा म्हणाली.

जुबेदा अठ्ठेचाळीस वर्षांची. माहेर बोदवडचं. तिचे अब्बा नूर महंमद मणियार यांची स्टेशनाबाहेर बांगड्यांची टपरी होती आणि टपरीच्या बरोबर मागं मराठी शाळा. टपरीत बसून पोरीवर नजर ठेवता येते एवढ्याच हिशेबानं त्यांनी तिला मराठी शाळेत घातली. पोरगी दहावीपर्यंत गेली आणि मराठीच्या पेपरात 'मोठ्या भावास पत्र' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण घेऊन आली. तिला मोठा भाऊ नव्हता. नसलेल्या भावाला तिनं इतकं गोड पत्र लिहिलं, की गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं. मग लग्न होऊन ती दोंडाईच्याला आली, नवऱ्याच्या वाट्याचं गॅरेज आणि स्वतःच्या वाट्याची बांगड्यांची पिशवी सांभाळू लागली, आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांत बायकांच्या हातांना तिचा हात ठाऊक झाला.

अब्बांनी तिला लिहिण्यापेक्षा जास्त शिकवलं ते बोलणं. मणियाराच्या तोंडून 'फुटली' हा शब्द निघायचा नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. सात वर्षांची असताना जुबेदा एकदा गिऱ्हाइकासमोर "अब्बा, फूट गई" बोलून गेली, तर अब्बांनी तिला संध्याकाळची गाडी जाईपर्यंत टपरीबाहेर उभं केलं होतं. बायका-लेकींच्या हातात सौभाग्य भरणारा माणूस, त्यानं वाईट शब्द जिभेवर ठेवायचा कसा? ते वळण पुढं जुबेदाच्या अंगातच मुरलं. बांगड्यांपुरतं राहिलं नाही. कुणाच्या घराचा पत्रा वाऱ्यानं उडाला, तर ही म्हणे, आता घरात उजेड चांगला येईल. कुणाची सून रुसून माहेरी गेली, तर ही म्हणे, चला, माहेरच्यांना लेक बघायला मिळाली. गावातल्या बायका तिला हसत आणि तिच्याचकडून बांगड्या भरत. दुखणं घेऊन हात पुढे करायचा आणि हलकं होऊन मागे घ्यायचा, अशी सवयच लागली होती त्यांना.

चिंचखेड्याची भिकुबाई अशांतलीच. फरक एवढाच, की ती दुखणं सांगत नसे, फेकून मारत असे. तिच्या तोंडाचा धाक माणसांनाच नाही, म्हशीलाही होता. नवरा पुना, म्हणजे गावाचा पुनानाना, गरीब माणूस. ओट्यावर बसून सुतळी वळायची आणि घरातलं बोलणं पावसासारखं अंगावर घ्यायचं, हे त्याचं काम. एकुलता एक पोरगा अमृत. दोन वर्षं तो पहाटे चारला उठून दोंडाईच्याच्या रस्त्यावर पळला, पळता पळता निम्मा झाला, आणि गेल्या श्रावणात अग्निवीर म्हणून भरती होऊन दूर कर्नाटकातल्या छावणीत ट्रेनिंगला गेला.

तिथं रविवारी अर्धा तास मोबाईल मिळे. पण त्यांच्या तुकडीतल्या एका हुशार पोरानं बुटात दुसरा मोबाईल लपवला, परेडला डावा पाय आपटला आणि बुटात गाणं सुरू झालं. त्या गाण्यापायी आख्ख्या प्लाटूनचे मोबाईल दोन महिने पेटीत गेले. कवायत शिकवणारा उस्ताद म्हणाला, घरी बोलायचंय ना, चिठ्ठी लिहा. अमृतनं लिहिली. अडीच ओळींची. मग उत्तर कुणी लिहायचं, हा प्रश्न आला. भिकुबाईला अक्षर येत नव्हतं. पुनानाना सातवी पास, पण सहीपलीकडे त्यानं पेन कधी चालवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तेव्हा मान मिळाला जुबेदाला.

लिहिण्याची तिची रीतही वेगळी होती. भिकुबाई सांगायची ते बांगड्या भरताना. त्या वेळी जुबेदाचे दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा ती फक्त ऐकायची. घरी परतल्यावर हातपाय धुवून, वहीतला दुरेघी कागद काढून, आठवेल ते शुद्ध मराठीत उतरवायची. आठवणीतून कागदावर येईपर्यंत मजकूर धुतला जायचा, वाळायचा आणि त्याला इस्त्री व्हायची.

तिसऱ्या वेळचा मजकूर तर तिला चांगलाच लक्षात होता. भिकुबाईचा डावा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. गोठ्यात पाय घसरून मनगट मोडलं होतं. सवाष्णीचं एक मनगट रिकामं, हे बघून जुबेदाला जेवण गोड लागेना, म्हणून तिनं चार हिरव्या बांगड्या गळ्यातल्या झोळीच्या पट्टीलाच बांधून दिल्या. आणि उजवा हात तिच्या मुठीत देऊन भिकुबाईनं तोंड सोडलं होतं:

"लिख त्याले. म्हैस आटी गयी. पारडू मरी गयं. तुनी मोटरसायकल तुना काकानी नालामा पाडी. नी मी घसरीसन पडनू, हात मोडना. तुना बाप भाकर करस, ती गावनं कुत्रं बी खात नही. नी तू अडीच ओळना कागद धाडस, लाज वाटस का नही, इचार त्याले."

त्या संध्याकाळी जुबेदानं लिहिलं ते असं:

'चि. अमृत यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम असून तुझी खुशाली नित्य चिंतितो. म्हैस सध्या विश्रांती घेत आहे. पारडू आपल्या जागी सुखात आहे. तुझ्या मोटरसायकलनं परवा नाला पाहिला. वडिलांचं मन स्वयंपाकात रमलं असून त्यांची भाकरी गावात चर्चेचा विषय झाली आहे. आईचा डावा हात आरामात असून तब्येत अतिशय उत्तम आहे. तुझी पत्रे मोजकी पण अर्थपूर्ण असतात.'

शेवटच्या वाक्यावर ती स्वतःच खूश झाली होती.

तर आज तिनं पिशवी खांद्याला लावली आणि चिंचखेड्याच्या रिक्षासाठी बसस्टँडच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. तिथंच झुलाल पोस्टमननं सायकल अडवली.

"चुडीवालीबाई, तुमना नावनं पाकीट शे. मिल्ट्रीतून. काय, भरती व्हयन्या का?"

"आते हाईच राह्यनं व्हतं," जुबेदा म्हणाली आणि पाकीट घेतलं.

अमृतचं पत्र घरी न जाता आपल्याला कसं आलं, याचं तिला नवल वाटलं. पोरानं कौतुक केलं असेल, असंही मनात येऊन गेलं. रिक्षात दोन पोत्यांच्या मध्ये बसून तिनं ते उघडलं.

'जुबेदामावशीस अमृतचा नमस्कार. तुमचा कागद मिळाला. मी चार वेळा वाचला. मग शेजारच्या खाटेवरच्या सांगलीच्या पोराला दिला. तो म्हणाला, तुझ्या घरी लई सुख आहे गड्या. तेव्हा मला घाम सुटला. मावशी, मी लहानपणापासून तुम्हाला ऐकतो. आमच्या काकाच्या भूमिकाताईचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हा तुम्ही म्हणाल्या, पोरगी मोकळी झाली. आबा वारले, तेव्हा म्हणाल्या, आबा आता थकणार नाहीत. म्हणून मी तुमचा कागद उलटा करून वाचला. म्हैस आराम करते म्हणजे आटली. पारडू सुखात आहे म्हणजे गेलं. गाडीनं नाला पाहिला म्हणजे काकानंच पाडली असणार. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण आईची तब्येत अतिशय उत्तम आहे असं तुम्ही लिहिलं. आणि पूर्ण कागदात आईची मला एक शिवी नाही. मावशी, माझी आई आहे ना? बाप भाकरी का करतो?'

रिक्षा नाल्यातून उसळली, पण तिला कळलं नाही.

'येत्या रविवारपर्यंत खरं समजलं नाही तर सोमवारी मी इथून निघतो. सुट्टी दिली तर सुट्टीवर, नाही तर तसाच. मग भरती गेली तर जाऊ दे. ऑफिसात फोन करू नका, घरचा फोन आला की आमच्या सगळ्या प्लाटूनला शिक्षा म्हणून रगडा मिळतो. आणि मावशी, तुम्ही परत "उत्तम" लिहिलं तर मी मानणार नाही. आणि तुम्ही "वाईट" लिहिलं तर त्याच घडीला निघेन. तुमच्यासारखी बाई वाईट लिहिते, म्हणजे काय झालं असेल ते मला समजेल.'

मंगळवार होता. आज तीनच्या आत स्पीडपोस्ट पडलं तर शनिवारी पोचलं असतं. आणि कितीही जपून लिहिलं तरी तिच्या हातचं पत्र पोरगा मानणार नव्हता. गोड लिहावं तरी तो निघणार, कडू लिहावं तरी निघणार. दोन वर्षं पळालेलं पोर आपल्या चार गोड ओळींपायी माघारी आलं, तर भिकुअक्काच्या ओट्यावर आपण पाय कुठल्या तोंडानं ठेवायचा? जुबेदानं पत्र घडी करून पोलक्यात ठेवलं. पाठ झालं तरी परत काढलं आणि परत वाचलं.

भिकुबाई अंगणात एका हातानं तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. झोळीच्या पट्टीवरच्या हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. पुनानाना ओट्यावर सुतळी वळत होता.

"उनी का चुडीवाली? बस. आज तोंड उतरेल काबरं?"

जुबेदानं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही, धुतला नाही. भिकुबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"तू काय लिखं व्हतं त्याले?" तिनं विचारलं.

जुबेदानं खाली मान घालून आपला मजकूर म्हणून दाखवला. तोंडपाठ होता.

"मनं पारडू मरी गयं," भिकुबाई हळूहळू म्हणाली, "नी तू त्याले सुखमा बसाडं."

"अक्का, चुकनं मनं."

"नी हात आराममा शे म्हने." मग ती ओट्याकडे वळली. "ऐकी ऱ्हायनात का? तुमनी भाकरनी गावमा चर्चा शे."

"शेच ना," पुनानाना म्हणाला.

भिकुबाई हसली नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "पोऱ्या येई जाई," ती म्हणाली. "मी वळखस त्याले. बोलना तर येईच." तिचा आवाज एवढा खाली गेलेला जुबेदानं कधी ऐकला नव्हता.

"तो नही येवाव," जुबेदानं पिशवीतून कागद आणि पेन काढलं. "अक्का, तू बोल. तू बोलशी तसं लिखसू. काना-मात्रा बदलाव नही. तुनी शिवी दिसनी का त्याना जीव थंड व्हई."

भिकुबाई बसली. पदर डोक्यावरून घेतला. कागदाकडे एकदा बघितलं, पाठ ताठ केली आणि ग्रामसभेत साहेब आल्यावर जसं बोलतात तसं बोलायला लागली.

"माझा प्रिय पुत्र अमृत. मी तुझी आई बोलत आहे. मी आनंदात आहे."

जुबेदाचं पेन हवेत राहिलं. "अक्का, असं तू कवय बोलस?"

"कागद शे तो. कागदवर असंच बोलतस. इतला दिन तूच लिखं ना असं?"

"मंग त्याले वाटी, मीच लिखं."

"तर मी काय करू? घरमा बसीसन शिव्या देवाले माले येडं लागनं का?" भिकुबाई चिडली, पण कागदाकडे नजर गेली आणि चिडणं अर्ध्यातच गिळून ती पुन्हा ताठ झाली. "लिख. तुझे वडीलही आनंदात आहेत."

असं चार वेळा झालं. जुबेदानं पेन खाली ठेवलं की भिकुबाईचं तोंड वाहतं, पेन उचललं की तिचा पुतळा होतो. तिकडे दीड वाजता दोंडाईच्याची रिक्षा सुटायची. ती गेली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही.

ओट्यावरून पुनानाना खाकरला. हा माणूस खाकरला म्हणजे काहीतरी बोलणार, असं गावात मानत, आणि बऱ्याचदा तो नुसताच खाकरलेला असे. पण आज बोलला.

"ती कागददेखत बोलाव नही, जुबेदाबाई. तिना हात तुमना हातमा घ्या. बांगड्या भरा. बांगड्या भरताना तिले सगळं बठ्ठं आठवस. मी पस्तीस वरीस ऐकी ऱ्हायनू."

"मंग लिखी कोन, नाना? मना हात तर गुंतीन जाई."

पुनानानानं सुतळीचा गुंडा बाजूला ठेवला. घरात गेला. कुठून तरी चष्मा शोधून आणला, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याचा पुठ्ठा मांडीवर घेतला आणि जुबेदाकडे हात केला.

"आना पेन."

"तुमले लिखता येस का?" भिकुबाईनं विचारलं.

"देखू," पुनानाना म्हणाला.

जुबेदानं भिकुबाईचा उजवा हात धरला. माप दोन-सहाचं होतं, हे तिला झोपेतही ठाऊक. तिनं मुद्दाम तांबड्या दोऱ्यातली बांगडी काढली, दोन-चारची. तेल लावलं नाही. अंगठ्याच्या खालचं हाड दाबलं आणि बांगडी लोटली.

"ओ माय, मारी टाकशी का? हाई मनं माप शे का?"

"थंडीना दिन शेतस, अक्का. हात सुजस. हां, अमृत काय म्हने, माय शे का नही?"

"शे ना, कोठे जाई? मी मरी गयू तर तुना बापले जेवाले कोन घाली? भाकर करस का ढेकूळ करस? कालदिन बैलले टाकी, तर बैलनी तोंड फिराई लिधं."

पुनानानाचं पेन कागदावर करकरलं. तो एकेक अक्षर जमिनीतून भुईमूग उपटावा तसा काढत होता. "हाई बी लिखू?" त्यानं विचारलं.

"लिखा, नाना. बठ्ठं लिखा."

"थांब मंग. 'तोंड फिराई लिधं' परयंत उनू."

जुबेदा थांबली नाही. थांबली असती तर भिकुबाई कागदाकडे बघती. तिनं दुसरी बांगडी लोटली, मग तिसरी.

"आह. दोन वरीस मना झोपनं वाटोळं करं त्यानी. पहाटमा चार वाजता उठे नी पये, पये, पये. बूटना आवाजमा म्हैस भडके. नी आते सरकारनी बूट दिधा, तर माय आठवी ऱ्हायनी त्याले? तठून पयीसन उना ना, तर त्याले दरवाजामा उभा ऱ्हाऊ देवाव नही. हात मोडेल शे तर काय, दुसरा हात शे मना. त्याच हातमा सोटा धरसू."

चौथी बांगडी हाडावर अडकली, कट्कन आवाज झाला आणि दोन तुकडे मांडीवर पडले.

"वाढनी," जुबेदा सवयीनं म्हणाली.

"हाई बी लिखू?" पुनानाना.

"नका," दोघी एकदम म्हणाल्या.

पुनानाना मागे पडला, म्हणून भिकुबाईला तेच परत बोलायला लावावं लागलं, आणि परत बोलायला लावण्यासाठी आणखी बांगड्या. एक डझन आत गेल्या. भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुखण्याचं की दुसऱ्या कशाचं, जुबेदानं विचारलं नाही. पुनानानाच्या कपाळावर थंडीतही घाम होता. शेवटी त्यानं पेन ठेवलं आणि बोटं कडाकडा मोडली.

जुबेदानं कागद हातात घेतला. वर तारीख नाही, मायना नाही. ओळी उतरणीला लागलेल्या. एकेक शब्द मध्येच तुटून खालच्या ओळीत गेलेला. तिसरं वाक्य दुसऱ्यातून निघालेलं आणि सोटा दोनदा आलेला. दहावीच्या पेपरात याला शून्य मिळालं असतं. तिचा हात आपोआप पेनाकडे गेला. निदान वरच्या कोपऱ्यात 'चि. अमृत यास' एवढं तरी. त्याच्याखाली छोटंसं 'सर्व क्षेम'. 'चि'ची वेलांटी निघाली तोच पुनानानानं कागदावर तळवा ठेवला.

"राहू द्या, जुबेदाबाई."

तिनं पेन बंद केलं. पाकिटावर फक्त पत्ता लिहिला, आणि तोही एरवीपेक्षा साध्या अक्षरात. पिशवी उचलून निघताना तिनं बांगड्यांना हात लावला नाही, त्या तशाच भिकुबाईच्या हातात राहिल्या. दीडची रिक्षा सुटता सुटता मिळाली. पोस्टात खिडकीपुढं सहा माणसं होती. तीनला दहा कमी असताना तिचं पाकीट आत गेलं.

मग रविवार आला. जुबेदा त्या दिवशी तीन गावं फिरली आणि तिन्ही गावांत चुकीची मापं भरली. अरिबानं संध्याकाळी काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि चहा करून आणला. सोमवार गेला. मंगळवारी दोंडाईच्याच्या स्टेशनावरून जाताना जुबेदा गाडीतून उतरणारी पोरं निरखत उभी राहिली. हिरव्या बॅगेचा कुणी नव्हता. बुधवारी कापसाचा बाजार होता, तिला उसंत नव्हती. गुरुवारी मात्र ती चिंचखेड्यात होती, आणि भिकुबाईच्या अंगणात पोचायला आणि झुलालची सायकल वळायला एकच गाठ पडली.

"पुना आत्माराम," झुलालनं नाव वाचलं. "नाना, तुमना नावनं शे. जिंदगीमा पयलं व्हई."

पुनानानानं पाकीट उलटंसुलटं केलं. चष्मा आणायला घरात गेला. भिकुबाई खांबाला टेकून उभी. "तुम्हीच वाचा," तो परत येऊन जुबेदाला म्हणाला, पण पाकीट काही सोडेना. मग स्वतःच फाडलं आणि अडखळत, बोट फिरवत वाचलं.

'तीर्थरूप बाबांस. तुमचं अक्षर मी पहिल्यांदा बघितलं. आधी वाटलं कुणा लहान पोराचं आहे. मग बैलानं तोंड फिरवल्याचं वाचलं आणि कळलं, हे घरचंच. मी हसलो तर उस्तादांनी विचारलं, क्या हुआ. सगळा कागद हिंदीत वाचून दाखवावा लागला. "पये पये पये" ला हिंदी सुचेना, तर मैदानात पळून दाखवलं. उस्ताद म्हणाले, जो माँ इतना डाँट रही है उसका हाथ टूटा है, बाकी सब साबुत है. मी इथंच आहे, आईला सांगा. सोटा ठेवून द्या. पाकिटावर जुबेदामावशींचं अक्षर ओळखलं. पुढच्या कागदात त्यांनाही चार ओळी लिहू द्या. त्यांचं कसं वाचायचं ते मला आता चांगलं जमतं.'

भिकुबाईनं डोळ्यांना पदर लावला, तो लगेच काढला आणि नवऱ्याकडे वळली. "अडीच ओळवरून इतलावर उना. तुमले कागद लिखता येत व्हता, तर पस्तीस वरीस चूप काबरं बसेल व्हतात?"

"कोन इचारं व्हतं?" पुनानाना म्हणाला. कागदाची घडी त्यानं टोपीत ठेवली.

जुबेदाला काहीतरी म्हणायचं होतं. चांगलं वाक्यही सुचलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून शेवंताबाईनं हाक मारली. तिच्या नातसुनेला डोहाळजेवणासाठी हिरवा चुडा भरायचा होता आणि पोरगी सकाळपासून हात धुवून बसली होती.

"उनू, उनू," म्हणत जुबेदा उठली. पिशवी खांद्याला लावली, गल्ली ओलांडली. शेवंताबाईच्या ओसरीत फडकं अंथरलं, त्यावर हिरव्या बांगड्यांचे गुंडे मांडले, आणि त्या लाजऱ्या पोरीचा हात आपल्या हातात घेऊन अंगठ्याखालचं हाड हळूच दाबून बघितलं.